पेशींचे निरोप आणि पटकीचे विष

कोलकात्याच्या उत्तर टोकाला, हुगळीच्या काठी, बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीला ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठा खंदकाची गल्ली, असे नाव आहे. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरल्या. त्या फौजांतील बारगिरांवरून बंगाली भाषेत ‘बर्गी’ हा शब्द रूढ झाला, आणि त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. त्याचे उत्तरेकडील टोक बागबाजारात होते. सात मैलांच्या नियोजित खंदकापैकी सुमारे तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले, कारण बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे 1799 मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजविण्यात आला आणि त्या रेषेने सर्क्युलर रोड तयार झाला. या रस्त्याच्या उत्तरेकडील भागाला आज आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे आणि दक्षिणेकडील भागाला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे.

बागबाजाराकडून या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की सियालदाजवळ नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास येथे एका निराळ्या शत्रूचा शोध चालू होता. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू हा तो शत्रू. त्याला अडविणारा खंदक आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती आहे. त्यास पेशीपटल म्हणतात. चमत्कारिक गोष्ट अशी की हा जंतू तो खंदक ओलांडण्याचा प्रयत्नही करीत नाही. तो बाहेरच राहतो आणि आत एक रेणू पाठवितो. त्या एका रेणूमुळे धडधाकट माणूस काही तासांत मृत्यूच्या दारी कसा पोहोचतो, हे समजण्यासाठी पेशी एकमेकींशी निरोपांची देवघेव कशी करतात हे आधी पाहावयास हवे.

निरोपांची आवश्यकता

एकपेशीय जीवाला आपल्यापुरते पाहिले तरी चालते. मनुष्यदेहात मात्र 30 लाख कोटींच्या घरात पेशी आहेत. त्यांतील काही पचनाचे, काही आकुंचनाचे, काही संरक्षणाचे काम करतात. केव्हा वाढावे, केव्हा थांबावे, साठविलेली साखर केव्हा रक्तात सोडावी, हे प्रत्येकीने स्वतंत्रपणे ठरविले तर देह एक दिवसही टिकणार नाही. म्हणून पेशी एकमेकींना निरोप पाठवितात आणि हे निरोप बहुतांशी रेणूंच्या रूपाने जातात. अशा रेणूंना आपण संकेतरेणू म्हणू.

काही संकेतरेणू रक्तावाटे दूरवर जातात. स्वादुपिंडात तयार होणारे इन्शुलिन पायाच्या स्नायूपर्यंत पोहोचते. अशा दूरगामी रेणूंना संप्रेरके हे नाव आहे. काही रेणू शेजारच्या पेशीपर्यंतच जातात. जखमेभोवतीची सूज व लाली ही अशा स्थानिक निरोपांची फळे होत. मज्जापेशी आपला रेणू अत्यंत अरुंद फटीतून पलीकडच्या पेशीवर सोडते. 1921 साली ओटो लोवी यांनी हे मोठ्या सुबक प्रयोगाने दाखविले. एका बेडकाच्या हृदयाला जोडलेली मज्जा उत्तेजित करून त्यांनी त्याचे ठोके मंद केले आणि त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयावर घातला. दुसऱ्या हृदयाचेही ठोके मंद झाले. मज्जेची आज्ञा द्रवातून गेली होती. अर्थात ती एखाद्या रासायनिक पदार्थानेच नेली होती.

वनस्पतीही या व्यवहारास अपवाद नाहीत. कोकणात आंब्यांची अढी घालतात तेव्हा एखादे फळ आधी पिकू लागते आणि मग बाकीची फळे भराभर पिकतात, हे घरोघरी ठाऊक असते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो व तो शेजारच्या फळांच्या पेशींना पिकण्याचा संकेत देतो. पेंढ्यात कोंडून ठेवल्याने हा वायू निसटून जात नाही. अढीचे रहस्य यातच आहे.

निरोप कोण वाचतो?

संकेतरेणू रक्तातून सर्वत्र फिरतो, तरी प्रत्येक पेशी त्याला प्रतिसाद देत नाही. ज्या पेशीपाशी त्या रेणूचा ग्राही असेल तीच प्रतिसाद देते. ग्राही म्हणजे विशिष्ट घडणीचे प्रथिन. कुलपात किल्ली बसावी तसा संकेतरेणू त्यात बसतो आणि तो बसताच ग्राहीचा आकार किंचित बदलतो. हा बदल हेच निरोप पोहोचल्याचे चिन्ह होय.

एकाच रेणूचा अर्थ सर्व पेशी एकसारखा लावीत नाहीत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. भीतीच्या क्षणी रक्तात ॲड्रिनॅलीन मिसळते. त्याने हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साखर सोडते आणि श्वासनलिकांचे स्नायू सैल पडतात. रेणू तोच असतो. प्रतिसाद पेशीच्या घडणीप्रमाणे बदलतो. जो पदार्थ ग्राहीला फसवू शकेल किंवा ग्राहीला टाळून पुढच्या यंत्रणेत हात घालू शकेल, तो पेशीकडून तिच्याच सामर्थ्याने भलतेच काम करवून घेऊ शकेल, हेही यावरून उघड होते.

दुसरा निरोप्या

काही संकेतरेणू स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने पेशीपटलातून सरळ आत जातात. परंतु ॲड्रिनॅलीनसारखे पुष्कळसे रेणू बाहेरच थांबतात. मग निरोप आत कोण नेतो?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील अर्ल सदरलँड व त्यांचे सहकारी यांना 1957-58 च्या सुमारास सापडले. त्यांनी यकृताच्या पेशी कुटून त्यांचे पटलांचा भाग व द्रव भाग असे दोन भाग केले. नुसत्या द्रव भागात ॲड्रिनॅलीन घातले तर काहीच घडेना. पटलांच्या भागात ते घातले असता मात्र एक नवा, उकळूनही न बिघडणारा पदार्थ निर्माण झाला. आणि तो द्रव भागात मिसळताच साखर सुटी करणारे विकर कामाला लागले. हा पदार्थ म्हणजे चक्रीय ए.एम.पी. नावाचा लहानसा रेणू होता. ॲड्रिनॅलीन वेशीपर्यंत येणारा पहिला निरोप्या, तर चक्रीय ए.एम.पी. हा वेशीच्या आत धावणारा दुसरा निरोप्या, असे या शोधाने ठरले. सदरलँड यांना 1971 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील संशोधनात या दोन निरोप्यांच्या मधला दुवाही सापडला. ग्राहीच्या लगत, पटलाच्या आतील बाजूस, एक प्रथिन असते. त्यास जी-प्रथिन म्हणतात. ग्राहीने इशारा करताच ते जी.टी.पी. नावाचा रेणू धारण करून जागे होते आणि शेजारच्या विकराला चक्रीय ए.एम.पी. तयार करावयास लावते. या कामाबद्दल मार्टिन रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांना 1994 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या साखळीत प्रत्येक पायरीवर निरोपाचा आवाज वाढत जातो. एक जागे झालेले विकर चक्रीय ए.एम.पी.चे अनेक रेणू तयार करते. ते रेणू पुढच्या विकरांना जागे करतात. त्यांतील प्रत्येक विकर असंख्य प्रथिनांवर काम करते. म्हणूनच रक्तातील अत्यल्प संप्रेरकाने एवढे मोठे परिणाम घडतात.

मात्र ज्या यंत्रणेत आवाज असा वाढत जातो तिच्यात तो थांबविण्याची सोय नसेल तर अनर्थ ओढवेल. पेशीत ही सोय जागोजागी आहे. संकेतरेणू ग्राहीपासून सुटतो. चक्रीय ए.एम.पी.चे विघटन करणारे एक विकर सतत फिरत असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जी-प्रथिन स्वतःच्याच अंगच्या गुणाने आपल्याजवळील जी.टी.पी.चे रूपांतर करून काही सेकंदांत पुन्हा निद्रिस्त होते. कळ दाबली की दिवा लागावा आणि थोड्या वेळाने कळ आपोआप वर यावी, तसे हे आहे. पेशीचे आरोग्य निरोप पोहोचण्यावर जितके अवलंबून असते तितकेच तो वेळेवर संपण्यावरही असते. पटकीचे विष नेमका येथेच घाला घालते.

सशाच्या आतड्यातील पुरावा

गंगेच्या मुखाकडील प्रदेश हे पटकीचे जुने माहेरघर. 1817 मध्ये बंगालमधून निघालेली तिची साथ देशोदेशी पसरली. महाराष्ट्रातही पंढरपूरच्या यात्रेत तिने वारंवार हाहाकार माजविला. पटकीची लस टोचून घेतल्याखेरीज यात्रेकरूंना पंढरपुरात प्रवेश मिळत नसे, तो काळ जुन्या पिढीच्या स्मरणातला आहे. 1884 च्या आरंभी रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामासारखा वक्र जंतू शुद्ध स्वरूपात मिळविला आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यातही तो दाखविला. हा जंतू एखादे विष सोडीत असावा, असा तर्कही त्यांनी केला. परंतु ते विष कोणालाही सापडेना. प्राण्यांच्या शिरेत वा कातडीखाली जंतू टोचले तर प्राणी मरत, पण त्यांना पटकी होत नसे. जंतू मेल्यावर त्यांच्या शरीरातून सुटणाऱ्या विषाने आतड्याचे अस्तर गळून पडते व त्यातून पाणी पाझरते, अशी समजूत मग रूढ झाली.

ही समजूत बदलणारे शंभुनाथ डे यांचा जन्म 1915 साली हुगळी जिल्ह्यात झाला. कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते लंडनला गेले व तेथे 1949 मध्ये त्यांनी विकृतिविज्ञानात पीएच.डी. मिळविली. मायदेशी परतल्यावर त्यांनी पटकीच्या प्रश्नाला हात घातला. हा रोग आतड्याच्या पोकळीत होतो, तेव्हा विषाचा शोधही तेथेच घ्यावयास हवा, असा त्यांचा सरळ विचार होता. त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्या बंद वेटोळ्यात पटकीच्या जंतूंचे संवर्धन टोचले. दुसऱ्या दिवशी ते वेटोळे पाण्याने टम्म फुगलेले आढळले. आतील द्रव पटकीच्या रुग्णाच्या जुलाबासारखाच होता. शेजारचे, जंतू न टोचलेले वेटोळे तसेच रिकामे राहिले. नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात धीरेंद्रनाथ चटर्जी यांच्यासमवेत केलेले हे काम 1953 मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्राध्यापक असताना डे यांनी निर्णायक पायरी गाठली. जंतूंचे संवर्धन गाळून त्यातील सर्व जंतू काढून टाकले आणि उरलेला निर्जंतुक द्रव वेटोळ्यात टोचला. वेटोळे तसेच फुगले. जंतू नसतानाही रोगाचे मुख्य लक्षण उत्पन्न झाले. म्हणजे जंतू बाहेर सोडतो तो पदार्थच या रोगाचे मूळ होते. 1959 च्या मे महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात हा निष्कर्ष आला. कॉख यांच्या तर्काला पुरावा मिळण्यास 75 वर्षे लागली.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतूनही या निष्कर्षाला दुजोरा मिळाला. तेथे एन. के. दत्ता व एम. के. हब्बू यांनी 1955 मध्येच सशाच्या पिलांत पटकीसारखा रोग घडवून आणण्याची रीत बसविली होती. 1959 मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जंतू नसलेल्या अर्कानेही पिलांना तसेच जुलाब होतात, असे दाखविले. कलकत्ता आणि मुंबई येथील साध्या साधनांच्या प्रयोगशाळांनी एका जुन्या कोड्याची दोन टोके अशी एकाच वर्षी हाती धरली. आतड्याचे अस्तर गळते ही समजूतही फार काळ टिकली नाही. बँकॉकमधील साथीतील रुग्णांच्या आतड्यांचे तुकडे तपासले असता अस्तर शाबूत असल्याचे 1960 मध्ये प्रसिद्ध झाले.

अडकून पडलेली कळ

पेशी जर जिवंत व शाबूत होत्या, तर एवढे पाणी कोठून येत होते? हे विष एक प्रथिन असून 1969 मध्ये ते शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. त्याचे सहा घटक आहेत. पाच घटकांचे एक कडे असते. ते आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावरील जी.एम.-1 नावाच्या स्निग्ध रेणूला घट्ट चिकटते. सहावा घटक हे एक विकर असून खरे काम तेच करते. पेशी आपल्या नेहमीच्या व्यवहारात पटलाचा तुकडा आत ओढून घेते, त्याबरोबर विषही आत जाते. पेशीत प्रथिने घडविण्याचा जो कारखाना असतो तेथपर्यंत ते पोहोचते. बिघडलेली प्रथिने ज्या वाटेने बाहेर टाकली जातात त्या वाटेने त्याचा कार्यकारी तुकडा पेशीद्रवात येतो. कचऱ्याच्या वाटेने आलेला हा तुकडा नष्ट मात्र होत नाही.

आता तो जी-प्रथिनाला गाठतो आणि त्यावर एक लहानसा रासायनिक गट चिकटवितो. एवढ्याने जी-प्रथिनाची स्वतःहून निद्रिस्त होण्याची शक्ती नाहीशी होते. कळ खाली दाबलेल्या स्थितीतच अडकते. बाहेरून कोणताही निरोप आलेला नसतो, तरी आत चक्रीय ए.एम.पी. अखंड तयार होत राहते. आतड्याच्या पेशीला त्याचा अर्थ एकच कळतो: क्लोराइडची द्वारे उघडा आणि मीठ आत घेण्याचे नेहमीचे काम आवरते घ्या. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतले जाते, त्यामागे सोडियम जाते आणि क्षारांमागे पाणी जाते. एरवी आपल्या आतड्यातून रोज आठ-नऊ लिटर द्रव वाहतो व जवळजवळ सगळाच परत शोषला जातो. हा हिशेब उलटल्यावर प्रौढ रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते आणि उपचार न झाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो. जंतूला मात्र याचा लाभ होतो. या पाण्याबरोबर त्याची कोट्यवधी संतती पुन्हा तळ्यात व नदीत पोहोचते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. या रोगात पेशी बंड करीत नाही की मरतही नाही. तिला मिळालेली आज्ञा ती निष्ठेने पाळते. तिच्यापर्यंत पोहोचलेली आज्ञा खोटी आहे आणि ती संपत नाही, एवढाच दोष.

मोकळी राहिलेली वाट

अडकलेली कळ परत वर आणणारे औषध वैद्यकाजवळ नाही. मग रुग्ण वाचतो कसा? आतड्याच्या अस्तरातील पेशी अल्पायुषी असतात. चार-पाच दिवसांत त्या झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. तेवढे दिवस रुग्णाच्या शरीरातील पाणी व क्षार भरून काढले तर निसर्ग उरलेले काम करतो. प्रतिजैविकांनी जंतूंचा नायनाट लवकर होतो, पण मुख्य उपचार पाण्याचाच. शिरेवाटे सलाइन देऊन ही झीज भरता येते. तथापि खेडोपाडी सलाइन, सुया आणि ती देणारे हात पुरेसे कोठून असणार?

साधे मिठाचे पाणी पाजून उपयोग होत नव्हता, कारण मीठ शोषून घेण्याची नेहमीची वाट विषाने बंद केलेली असते. परंतु पेशीत सोडियम आत घेण्याची दुसरीही एक वाट आहे. रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडल्याप्रमाणे ग्लुकोज आतड्याच्या पेशीत शिरते ते सोडियमला बरोबर घेऊन. या जोडीच्या द्वारावर चक्रीय ए.एम.पी.चा हुकूम चालत नाही. म्हणून मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली तर सोडियम आत जाते व त्यामागून पाणीही जाते. कलकत्त्यातच हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 1953 मध्ये पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे द्रव दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला होता. 1968 मध्ये ढाका येथे डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी नियंत्रित चाचणीत दाखविले की ग्लुकोज व क्षारांचे पाणी पाजल्यास शिरेवाटे द्याव्या लागणाऱ्या द्रवाची गरज सुमारे 80 टक्क्यांनी कमी होते.

खरी कसोटी 1971 मध्ये लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली. सलाइनचा साठा संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या. ते मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून ठेवण्यात आले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते त्यांना पाजले. एरवी मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ते 3.6 टक्क्यांपर्यंत उतरले. 2002 पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या मिश्रणात एक लिटर पाण्यास 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पुडी न मिळाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे आणि रुग्णास दवाखान्यात न्यावे. साखर अंदाजाने वाढवू नये. ती फार झाली तर आतड्यात उलट पाणी ओढले जाते.

या शोधाचा विस्तार

पटकीच्या विषाने जीवशास्त्राला एक उपयुक्त साधनही दिले. एखाद्या पेशीतील घटना चक्रीय ए.एम.पी.मुळे होते की काय, हे तपासण्यासाठी संशोधकांनी हे विष वर्षानुवर्षे वापरले. जी-प्रथिनांची ओळख पटण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एकतृतीयांश औषधे जी-प्रथिनांशी जोडलेल्या ग्राहींवरच काम करतात. दम्यात श्वासनलिका सैल करणारी फवाऱ्याची औषधे आणि हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या ही त्यांतली परिचित उदाहरणे. कर्करोगाच्या अनेक प्रकारांतही दोष असाच असतो: वाढीचा निरोप देणारी कळ अडकून पडते आणि पेशी न थांबता विभागत राहते.

जंतूही एकमेकांना निरोप देतात, हे अलीकडच्या काळात कळून आले आहे. पटकीचे जंतू स्वतःचे संकेतरेणू सोडून आपली संख्या अजमावतात आणि गर्दी पुरेशी झाली की विष तयार करणे थांबवितात. त्यांच्या या संभाषणात हस्तक्षेप करून रोगाला आळा घालता येईल का, या दिशेने आज प्रयोग चालू आहेत.

शंभुनाथ डे यांना 1978 मध्ये स्टॉकहोम येथील पटकीविषयक नोबेल परिसंवादास निमंत्रण आले. मायदेशात मात्र 1985 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्या वाट्याला म्हणण्यासारखा सन्मान आला नाही. डॉ. महालनबीस यांना पद्मविभूषण जाहीर झाले ते 2023 साली, त्यांच्या निधनानंतर. बांधलेले वेटोळे आणि मीठ-साखरेची पुडी, दोन्ही गोष्टी दिसावयास साध्या आहेत. पेशीला मिळालेली खोटी आज्ञा पहिलीने उघडकीस आणली. त्या आज्ञेतून सुटलेल्या वाटेचा उपयोग दुसरीने केला. मधल्या साखळीतील प्रत्येक रेणूचे नाव कळण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. त्या काळात आणि त्यानंतरही घराघरांतून पाजल्या गेलेल्या या पाण्याने लक्षावधी मुलांचे प्राण वाचविले आहेत.